बिनवळणाची अक्षरे

४ जून

तिर्थरूप भाऊआजोबा यांना लवंगीचा साष्टांग नमस्कार,

आधी सांगा, पाकीट फेकून दिलं नाहीत ना? त्याच्यावर तुमचं नाव ज्या अक्षरांत छापलंय, ती अक्षरं माझी आहेत. अडीच वर्षं मी ज्याच्या पाठी लागले होते ते हे अक्षरवळण. नाव ठेवलंय 'कोनाडा'. अथपासून इतिपर्यंत एकही गोलाई नाही. वेलांटी म्हणजे दुमडलेली पट्टी, उकार म्हणजे वाकवलेला खिळा, अनुस्वार म्हणजे टोकावर उभा केलेला चौकोन. उद्या एखाद्या अंतराळयानाच्या दारावर मराठी पाटी लावायची झाली तर ती कशी दिसेल, एवढाच विचार करून केलंय.

आणि आता खरंच तशी पाटी लागण्याची वेळ आली आहे! इथे नवं तारांगण उभं राहतंय. तिकीटखिडकीपासून स्वच्छतागृहापर्यंत एकशे बारा पाट्या. संचालकबाईंना नाविन्य हवंय, पण त्यांच्या समितीला भीती वाटते की लोकांना वाचता येणार नाही. वीस जुलैला बैठक आहे. 'कोनाडा' घेतला तर माझं पहिलं मोठं काम. नाहीतर कुठल्याही दुकानावर दिसतो तो तयार फॉन्ट लावून ते मोकळे होतील आणि माझी अडीच वर्षं ड्रॉवरमध्ये.

आजी सांगायची, "माझ्या भावाच्या नजरेतून अनुस्वारसुद्धा सुटत नाही." अडतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस घरात असताना मी बाहेर कुणाला विचारू? नमुन्याचा तक्ता सोबत आहे. नातीला म्हणून सूट देऊ नका. फोनवर सांगितलंत तरी चालेल, पण तुम्ही सांगणार नाही हे माहीत आहे, म्हणून हे दिर्घ पत्र.

तुमची,
लवंगी


९ जून

चि. लवंगीस अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर मी मत देत नाही, याचे कारण तुला ठाऊक आहे. बोललेल्याचे मुद्रित निघत नाही. सबब ते तपासताही येत नाही.

तुझे पत्र पोचले, परंतु मला नव्हे. ते 'माऊआजोबा' नावाच्या कोणा सद्गृहस्थांना पोचले. पोस्टमनने जिन्यातून याच नावाने हाक मारली. ती तळमजल्यावरील औषधवाल्याने ऐकली. दुसऱ्या दिवशी मी खोकल्याचे औषध आणावयास गेलो, तर तो सर्वांदेखत विचारतो, "काय माऊआजोबा, दूध बाधलं वाटतं?"

तेव्हा पहिला आक्षेप हाच. तुझा 'भ' हा 'म' आहे. नमुन्याच्या तक्त्यावर 'येथे नाव भरा' अशी पाटी असावी, असा माझा तर्क आहे. मी ती 'येथे नाव मरा' अशी वाचली. तुझा 'ध' हा 'घ' आहे. 'धोका' या पाटीचा 'घोका' झाला आहे. शाळेच्या भिंतीवर तो शोभेल, उतरणीच्या तोंडाशी शोभणार नाही.

दुसरा आक्षेप नावाविषयी. ज्याला मुळात वळणच नाही, त्याला अक्षरवळण कसे म्हणावे? आमच्या काळी वळण नसलेल्यांना शाळेतून घरी पाठवीत.

तिसरा आक्षेप अनुस्वाराविषयी. अनुस्वार हा बिंदू आहे. बिंदूला लांबी नसते, रुंदी नसते. मग तुझ्या बिंदूला चार कोन कोठून फुटले? तू 'केलं', 'ठरलं', 'छापलंय' असे बोलतेस तसेच लिहितेस, आणि अनुस्वार मूठमूठ उधळतेस. जे इतके लागते ते निदान गोल तरी असावे.

'ळ' मात्र मी बराच वेळ पाहत राहिलो. दोन षट्कोन एकमेकांना टेकून बसले आहेत. असा 'ळ' मी अडतीस वर्षांत पाहिला नव्हता. हे कौतुक आहे. त्याचा आक्षेपांवर परिणाम होऊ देऊ नये.

तुझ्या पत्रातील अशुद्धे : 'तिर्थरूप' नव्हे, 'तीर्थरूप'. 'नाविन्य' नव्हे, 'नावीन्य'. आणि 'दिर्घ'! अगं, निदान 'दीर्घ' हा शब्द तरी दीर्घ लिही.

तुझा,
भाऊआजोबा


१५ जून

तीर्थरूप (दीर्घ!) भाऊआजोबा यांना नमस्कार,

माऊआजोबा!! ऑफिसात मी एवढी हसले की शेजारच्या टेबलावरचा नकाशेवाला पाणी घेऊन आला.

पण हसून झाल्यावर घाबरले. तुमच्या पाकिटाची दुसरी प्रत आणि तक्ता घेऊन मी चाळीस जणांकडे गेले. ऑफिसातले सगळे, खालचा चहावाला, लिफ्टची दुरुस्ती करायला आलेले दोघे, बसच्या रांगेतल्या अनोळखी बायका. "काय लिहिलंय, वाचा." चाळीसच्या चाळीस जणांनी 'भाऊआजोबा' वाचलं. एक म्हणाली, "कोण हो हे भाऊआजोबा, हरवलेत का?" 'धोका'सुद्धा सगळ्यांनी धोकाच वाचला.

म्हणजे जगात 'माऊ' वाचणारी माणसं दोनच : तुम्ही आणि तुमचे पोस्टमनकाका. त्यांचं वय किती हो?

'भ' बदलणं सोपं असतं तर आत्ता बदलला असता. पण 'भ' आणि 'ध' यांच्या डोक्याशी जी गाठ असते ना, ती मी सोडवली आणि तिच्या जागी एक बारीक तिरपी खाच ठेवली. ती खाच म्हणजेच कोनाडा. फॉन्टचं नाव तिच्यावरून पडलंय. ती काढली तर उरतात नुसत्या काड्या. अनुस्वारही राहू दे. गोल काही घ्यायचंच नाही, हा माझा नियम आहे. नियम मोडायला तुम्हीच सांगताय?

अक्षरवळणाचं मात्र मान्य. आजपासून 'अक्षरकोन'.

परवा फोन केला होता. मामी म्हणाली, "गॅलरीत पत्र वाचताहेत." तासाभराने पुन्हा केला, तर म्हणे अजून तेच पत्र वाचताहेत. माझं एवढं आवडलं? की तुम्ही कमी उजेडात बसता?

तुमची,
लवंगी


२१ जून

चि. लवंगीस आशीर्वाद.

तू चाळीस जणांची साक्ष काढलीस. शुद्धलेखन बहुमताने ठरत नाही. ठरत असते तर 'दिर्घ' केव्हाच शुद्ध झाला असता.

पोस्टमनचे वय विचारणे अप्रस्तुत आहे. उजेडाचे म्हणशील, तर मी पूर्वेच्या गॅलरीत बसून वाचतो, आणि माझ्या माहितीप्रमाणे सूर्य अद्याप पूर्वेलाच उगवतो. चष्मा गेल्याच वर्षी बदलला आहे. एक पत्र तासभर वाचणे ही माझ्या व्यवसायाची सवय आहे. लोक पत्र चाळतात, मी तपासतो.

तुझा 'भ' सदोष आहे. तू मत मागितलेस, मी दिले. ते तुला कडू लागले असेल, परंतु त्याची मला खत वाटत नाही.

भाऊआजोबा


२७ जून

ती. भाऊआजोबा यांना नमस्कार,

खत? कोणतं, शेणखत की गांडूळखत?

आधी मी खूप हसले. पत्र भिंतीवर लावायला निघाले होते. मग म्हटलं, थांब. हे अक्षर कुणाचं आहे? भिंग घेऊन बघितलं. अनुस्वार तुम्ही दिलाय, भाऊआजोबा. पण तो 'खत'वर नाहीच. तो वरच्या ओळीत, 'सदोष'च्या पोटात जाऊन बसलाय. आणखी दोन ठिपके असेच भलतीकडे आहेत. शेवटच्या ओळी तर घसरगुंडीवर बसल्यासारख्या खाली गेल्यात.

आजीच्या ट्रंकेत तुमची पत्रं आहेत. रविवारी सगळी बाहेर काढली. दोनशे अकरा भरली. निळी शाई, काळी शाई, एकदा लग्नघरातून पेन्सिलीने लिहिलेलं. एकाही पत्रात ठिपका जागचा हललेला नाही. तुम्ही तापात लिहिलेल्या पत्रातसुद्धा नाही.

आता मी विचारते आहे ते नमुन्याबद्दल नाही. भाऊआजोबा, तुम्हाला किती दिसतं? मामीला माहीत आहे का? डॉक्टरकडे गेला होतात का? कधी? काय म्हणाले? मला का सांगितलं नाहीत? आणि खरंच पोस्टमनकाकांनी 'माऊ' वाचलं का?

लवंगी


४ जुलै

चि. लवंगीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात दहा प्रश्नचिन्हे आहेत. पहिली दोन खताविषयी आणि तिसरे माझ्या अक्षराविषयी असल्यामुळे सोडून देतो. उरलेल्या सातांचे उत्तर एकत्र देतो. हे पत्र मी जाड पेनाने, पट्टी ठेवून, एक ओळ सोडून लिहीत आहे. ठिपके पुन्हा भटकले असतील, तर त्यांना क्षमा असावी.

पोस्टमनने 'माऊ' वाचले नाही. त्याने पाकीट हातात दिले आणि तो निमूट जिना उतरू लागला. पत्ता मी वाचला, आणि मीच वरून ओरडलो, "अहो, हे माऊआजोबा कोण?" औषधवाल्याने ऐकला तो माझा आवाज. अडतीस वर्षांत मी दुसऱ्याची चूक लपविली नाही. स्वतःची मात्र पहिल्याच संधीला एका निरपराध पोस्टमनच्या नावावर घातली. याची मला खंत आहे. (या शब्दावरचा अनुस्वार मी बोटाने जागा चाचपून दिला आहे.)

मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरीणबाईंनी आठ महिन्यांपूर्वी सांगितले की शस्त्रक्रिया करावी. घरी मी 'नंबर बदलला' एवढेच सांगितले. सारा जन्म दुसऱ्यांचे सुटलेले बिंदू भरण्यात गेला. आता कोणीही न मागितलेला एक बिंदू माझ्याच डोळ्यात पडला आहे. तोही, तुझ्या अनुस्वारासारखा, भलत्या आकाराचा.

तू विचारशील, मग आठ महिने का काढलेत? सर्वजण म्हणतात, हल्ली अर्ध्या तासाचे काम आहे. असेल. परंतु आज मी तुझे पत्र तासभर लावून का होईना, वाचतो. शस्त्रक्रिया बिघडली तर तेवढेही राहणार नाही. ज्याला वाचण्याखेरीज दुसरे काही येत नाही, त्याने असलेला अर्धा डोळा पणाला कसा लावावा? ही भीती आहे, युक्तिवाद नव्हे, हे मला कळते.

तेव्हा तुझे चाळीस जण खरे आणि मी खोटा. 'भ' आणि 'ध' यांविषयीचे माझे आक्षेप मी मागे घेतो. चुकून खोडलेला शब्द पुन्हा ठेवायचा असेल, तर आम्ही त्याच्याखाली टिंबे देऊन समासात लिहीत असू : 'असू द्या'. तुझ्या 'भ'खाली मी तशी टिंबे देत आहे. समितीपुढे निर्धास्त जावे.

सूनबाईला, म्हणजे तुझ्या मामीला, हे तू कळवू नयेस. मी कळवीन. केव्हा, ते विचारू नयेस.

तुझा,
भाऊआजोबा


८ जुलै

ती. भाऊआजोबा यांना नमस्कार,

आक्षेप मागे घ्यायचा नाही! टिंबं पुसा!

तुमचं पत्र वाचून मी आधी थोडी रडले, मग खरोखर तारांगणात गेले. दुपारचे दोन. बाहेर रणरणतं ऊन, आत अंधूक निळा उजेड. दारातून आत पाऊल टाकलं आणि मला माझ्याच हातातला कागद वाचता येईना. पहिली दोन मिनिटं तिथे प्रत्येक माणूस तुमच्यासारखाच बघतो, भाऊआजोबा. आणि नेमकी त्या दोन मिनिटांत त्याच्यासमोर उतरण येते, 'धोका' ही पाटी येते.

मग मी ट्रेसिंग पेपर कापला, स्वस्तातल्या चष्म्यांच्या काचांवर चिकटवला आणि पुन्हा त्याच लोकांच्या मागे लागले. बसच्या रांगेतल्या बायका कुठून आणणार, त्यांच्याऐवजी दुसऱ्या धरल्या. चाळीसपैकी एकतीस जणांनी काय वाचलं, ओळखा. चहावाला तर म्हणाला, "ताई, या मांजराला दाढी आहे का?"

म्हणजे तुम्ही चुकला नव्हतात. तुम्ही तेवढे एकटेच बरोबर जागी उभे राहून वाचत होतात.

तेव्हा 'भ' दुरुस्त करायलाच हवा. आज चार जुळण्या करून झाल्या, एकही धड नाही. कोनाडा बुजवायचा नाही आणि तरी 'माऊ' होऊ द्यायचं नाही. बारा दिवस हातात आहेत.

आता माझी अट. मी 'भ' दुरुस्त करते, तुम्ही डोळा दुरुस्त करा. एकच, आधी उजवा. तुम्ही भीती म्हणालात, तर मलाही भीती वाटते. अडीच वर्षांचं काम बैठकीच्या तोंडावर उसवायला घेतलंय. बिघडलं तर माझ्याकडेही तेवढंसुद्धा राहणार नाही. पण तुम्ही दाखवल्यावर मला तो 'भ' आता तसाच ठेवता येत नाही.

मामीला मी कळवलं नाही. तुम्हीच कळवा. आजच.

लवंगी


१९ जुलै

चि. लवंगीस अनेक आशीर्वाद.

(मी मामी लिहिते आहे. ते सांगणार, मी उतरवून घेणार असं ठरलंय. बघू किती वेळ टिकतं.)

परवा उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली स्वल्पविराम आणि ती यशस्वी झाली असे डॉक्टरीणबाई म्हणतात पूर्णविराम.

(आता ओरडताहेत, "स्वल्पविराम लिहायचा नसतो, द्यायचा असतो!" मग तोंडाने कशाला सांगतात?)

शस्त्रक्रियेच्या वेळी मी पूर्णपणे शांत होतो आणि डॉक्टरीणबाईंना 'मोतीबिंदू' या शब्दातील 'दू' दीर्घ का, हे समजावून सांगत होतो.

(साफ खोटं. आत नेईपर्यंत माझा हात सोडत नव्हते. आणि आठ महिने माझ्यापासून लपवलं, त्याचं भांडण अजून व्हायचंय. डोळा बरा होऊ दे.)

सूनबाईने कंसात काय लिहिले ते मला वाचून दाखविण्यात आलेले नाही. ते खोडावे.

(नाही खोडणार.)

तुझे दुसरे पाकीट आले आहे, त्यावर नव्या 'भ'ने माझे नाव छापले आहे, असे कळते. परंतु ते मला दाखविण्यात येत नाही.

(कपाटात कुलपात ठेवलंय. डॉक्टरीणबाई वाचायला हो म्हणाल्या की देईन. काल रात्री चष्म्याशिवाय औषधाच्या बाटलीवरची अशुद्धं शोधत होते.)

उद्या तुझी बैठक. मी उजव्या डोळ्याचे वचन पाळले आहे. समितीने काहीही ठरवले तरी एक लक्षात ठेव : जे उसवून पुन्हा शिवतात, त्यांच्या कामाला मी कधी लाल शाई

(इथे थांबले. खोकला म्हणताहेत. मी पाणी देते. — मामी)


२६ जुलै

ती. भाऊआजोबा (आणि मामी!) यांना नमस्कार,

मामी, हे मोठ्याने वाचून दाखव.

बैठकीत सात जण होते. मी आधी सगळ्यांना कागदी चष्मे वाटले. एक सभासद हातसुद्धा लावेनात. "हा काय पोरखेळ आहे? मुळात ही अक्षरं कुणीही पट्टीने काढेल." संचालकबाई उठल्या, दिवे मंद केले आणि म्हणाल्या, "घाला हो, आपण तारांगणात आहोत." मग मी जुना तक्ता धरला. तेच सभासद चष्मा सावरत मोठ्याने वाचायला लागले, "येथे नाव म..." आणि थांबले. सगळी खोली हसली. मग नवा तक्ता धरला. त्यांनी वाचलं, "येथे नाव भरा." पुन्हा वाचलं. मग पुढच्या अकरा पाट्या कुणी न सांगता वाचत सुटले.

पास झालं, भाऊआजोबा! एकशे बाराच्या एकशे बारा पाट्या.

केलं काय, तर कोनाडा बुजवला नाही, मोठा केला. शिरोरेषा तिथे चक्क तोडली आणि खाच एवढी खोल नेली की आता तिच्यात दिवा ठेवता येईल. सहा दिवस मी तिला आणखी बारीक, आणखी नाजूक करून बघत होते. उत्तर उलट्या बाजूला होतं.

आणि अनुस्वार गोल केला. सगळ्या फॉन्टमध्ये गोल तेवढा तोच. काळ्या पाटीवर एवढा उठून दिसतो की ऑफिसात सगळे त्याला 'मोती' म्हणायला लागलेत. नियम मोडायला तुम्हीच सांगितलं होतंत, लक्षात आहे ना?

पुढच्या महिन्यात पाट्या चढतील. उद्‌घाटनाच्या आधी एकदा येऊन तपासाल? मी गाडी पाठवते.

तुमची,
लवंगी


३० ऑगस्ट

चि. लवंगीस अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतः लिहीत आहे, पट्टी न ठेवता.

नवा चष्मा आल्यावर पाकीट कपाटातून निघाले. मी ते हातभर अंतरावर धरले. मग गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला सूनबाईच्या हाती देऊन पाहिले. मग तिला जिन्यात उभे केले. तेथूनही 'भाऊआजोबा' असेच होते. तुझ्या त्या खाचेत दिवा खरोखर राहील.

उजव्या डोळ्याने काही अनपेक्षित गोष्टीही दाखविल्या. स्वयंपाकघराची भिंत मी पिवळी समजत होतो. ती पांढरी आहे. सूनबाईचे केस कानाशी पिकले आहेत, आणि हे मला कोणी कळविले नव्हते. मी तसे म्हणताच ती म्हणाली, "आठ महिने तुम्ही तरी काय कळवलंत?" भांडण तेथेच मिटले. डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात ठरली आहे.

मंगळवारी तुझी गाडी आली. तू संचालकबाईंबरोबर घुमटात होतीस, म्हणून मी सूनबाईला आणि रखवालदाराला घेऊन पाट्या पाहिल्या. दारातून आत आल्यावर क्षणभर काहीच दिसेना; मला ती जागा फार ओळखीची वाटली. इतक्यात समोर, वीस पावलांवर, काळोखातून एक शब्द पुढे आला : 'धोका'. खाली 'पुढे उतार आहे.' माझा पाय आपोआप थांबला. आक्षेप नाही. एकशे बारा पाट्या पाहिल्या. अक्षरांविषयी एकही आक्षेप नाही.

मजकुराविषयी एक आहे. पाटी क्रमांक सत्तेचाळीस. तेथे आपल्या आकाशगंगेसारख्या दूरच्या तारकाविश्वांना 'दिर्घिका' असे म्हटले आहे. त्यांचा विस्तार लक्षावधी प्रकाशवर्षे आहे, असे खालीच लिहिले असून वरची वेलांटी मात्र ऱ्हस्व. पहिली वेलांटी दीर्घ करावी. 'दीर्घ' तू दुसऱ्यांदा आखूड केलास. रखवालदार म्हणाला, "आजोबा, एवढं कुणाच्या लक्षात येणार?" मी म्हणालो, "आलं." मी असे बोललो हे सूनबाईने ऐकले आहे, 'आले' असे म्हणावयास हवे होते.

आता शेवटची दुरुस्ती. औषधवाला मला अद्याप 'माऊआजोबा' म्हणतो. त्याचे ऐकून इमारतीतील मुलेही तेच म्हणू लागली आहेत. काल पोस्टमनने मनीऑर्डर नसतानाही केवळ तेवढी हाक मारण्यासाठी जिन्यात थांबून घेतले. त्याचा तो हक्कच आहे. हे नाव अशुद्ध आहे, चुकीतून आले आहे, आणि मी ते खोडावयास बसलो होतो. लाल पेन हातात घेतले. मग समासात लिहिले : असू द्या.

तुझा,
माऊआजोबा

ता. क. सहीतील पहिल्या अक्षराखाली तीन टिंबे दिली आहेत. भिंग लावून पाहावीत. तिन्ही जागच्या जागी पडली आहेत.